‘आधी काय तरंगलं?’ : ओढ्यावरचा प्रयोग उभा करताना

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या भिंतीमागून एक नाला जातो. जुनी माणसं त्याला ओढा म्हणतात. सोसायटीतले काही जण, पलीकडच्या वस्तीतली मंडळी आणि शाळेतली मुलं मिळून त्याच्यावर एखादा प्रयोग करावा असं मनात आहे. पथनाट्य करावं, नाच करावा की चित्रं काढावीत? ‘कचरा टाकू नका’ एवढं सांगून तो संपू नये असंही वाटतं. सुरुवात कुठून करावी?

उत्तर :

संहिता लिहायला बसू नका. पथनाट्य की नाच, हेही आज ठरवू नका. पहिले दोन-तीन आठवडे ओढ्याच्या कडेने चाला, आणि पाणी ज्या दिशेने जातं त्याच दिशेने चाला. सांगणं साधं आहे, पण प्रयोग फसतो तो इथेच फसतो असा माझा अनुभव आहे. आपण पुलावरून ओढा आडवा बघतो. नाकाला रुमाल लावायचा, पूल ओलांडायचा, झालं. काठावर ज्यांची घरं आहेत ते तो उभा बघतात : वरून येणारा आणि खाली जाणारा. वर डोंगरात ढग दाटले की खाली कोणत्या घरातली चूल ओट्यावर चढवायची, हे त्यांना ठाऊक असतं. तुमचा प्रयोग या ठाऊक असण्यावर उभा राहायला हवा. बाकी सगळं नंतर जमतं.

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात वस्त्यांमधून, तिथल्याच लोकांना घेऊन प्रयोग बसवतो आहे. त्यातला मोठा काळ आंबील ओढ्याच्या काठी गेला, म्हणून उदाहरणं तिथली देतो. कात्रजच्या डोंगरातलं पाणी तलावात येतं, तलाव भरला की सांडव्यावरून ओढ्यात उतरतं, आणि बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल असं करत वैकुंठ स्मशानभूमीजवळ मुठा नदीला मिळतं. हा रस्ता एका दमात करू नका. दोन सकाळी ठेवा. जिथे ओढा स्लॅबखाली जातो आणि दिसेनासा होतो, तिथे थांबून आसपासच्या दुकानदाराला विचारा की खाली काय आहे. अर्ध्या जणांना माहीत नसतं. ज्यांना असतं ते आधी तुमच्याकडे नीट बघतात आणि मग सांगतात, कारण इतकी वर्षं त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं. त्यांची नावं वहीत लिहून ठेवा. पुढे हीच माणसं प्रयोगात येतात.

चालण्याबरोबर कागदही बघा. तलाठी कार्यालयातला गाव नकाशा, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि विकास आराखडा, तिन्ही शेजारी ठेवले की ओढा कुठे सरळ केला, कुठे बारीक झाला, कुठे पुसलाच गेला हे डोळ्यांना दिसतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 नुसार नदी, ओढे, नाले यांची पात्रं सरकारच्या मालकीची. ही एवढी एक ओळ मुलांना सांगून बघा. ‘म्हणजे ओढ्याला स्वतःची जागा आहे?’ असं एका पाचवीतल्या मुलीने मला विचारलं होतं, आणि त्या प्रश्नावर आम्ही पुढे दहा मिनिटांचा प्रवेश बांधला.

आंबील ओढ्याला इतिहासही मोठा आहे. नागझरी नावाचा ओढा ही जुन्या कसबे पुण्याची पूर्वेची हद्द आणि आंबील ओढा पश्चिमेची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून भुयारी नळाने शनिवारवाड्याला आणि पेठांमधल्या हौदांना पाणी आणलं. त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, जुन्या पुण्याच्या जाणकारांना पाठ आहेत. त्याच काळात गाव वाढायला जागा हवी म्हणून ओढा पर्वतीजवळून पश्चिमेला वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. सारसबागेतल्या गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात. तळं बुजलं, नाव राहिलं. म्हणजे एकाच डोंगराचं पाणी दोन वाटांनी पुण्यात येत होतं. नळातलं पाणी हौदावर पोचलं आणि त्याच्यावर कौतुकाने लिहिलं गेलं. ओढ्यातल्या पाण्याला आधी वाट बदलायला लावली, नंतर त्याचं नाव नाला झालं.

हे भाषणात सांगितलं तर मुलं पेंगतात. आम्ही मैदानावर जाड सुती दोर घेतो. पंधरा मुलं दोर धरून जुन्या प्रवाहासारखी वळणं घेत उभी राहतात, उरलेली दोराच्या अलीकडे-पलीकडे घरं मांडून बसतात. मग दोघंजण मधला भाग उचलतात आणि पश्चिमेला नेऊन ठेवतात. काल जी मुलं काठावर होती ती आज कोरड्या पेठेत, आणि जी कोरडी होती त्यांच्या दारातून दोर गेलेला. मग एकच सूचना : प्रत्येकाने आपल्या घरापासून दोरापर्यंतचं अंतर पावलांनी मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं. या खेळाला आम्ही कधीच प्रयोग म्हटलं नव्हतं, पण बघायला आलेले पालक आपापलं अंतर मोजायला स्वतःहून उतरले, तेव्हा पुढे आम्ही प्रयोगाची सुरुवातच याने करायला लागलो.

आता आमची एक चूक सांगतो, कारण तुमच्याही मनात तीच कल्पना येणार. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका मुलीला निळी साडी नेसवली, केस मोकळे सोडले, अंगावर प्लास्टिकच्या पिशव्या टाचल्या. ती नदी. ती रडते, लोक तिच्यावर कचरा टाकतात, शेवटी सगळे हात जोडतात. काठावरच्या एका चाळीसमोर हा प्रयोग झाला. लोकांनी शांतपणे बघितलं. संपल्यावर एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ही कोन व्हती?’ मी म्हटलं, ‘ओढा, आजोबा.’ ते म्हणाले, ‘ओढा बाप्या असतो, बाळा. नदी बाई असती. ह्यो इथं निजलेला असतो वर्सभर. उठला की कुनाला इचारत न्हाई.’

त्या एका वाक्याने आमचं सगळं काम बदललं. आपल्या भाषेत नदी, गंगा, माय, लोकमाता असं म्हणायची सवय इतकी रुजलेली आहे की कुठलंही पाणी दिसलं की आपण त्याला आई करून टाकतो. आईपुढे मग हात जोडणं किंवा रडणं एवढंच उरतं. ओढा मात्र पुल्लिंगी, ओहोळ पुल्लिंगी, नालाही पुल्लिंगी. काठावरची माणसं त्याच्याबद्दल बोलतात ती शेजारच्या घरातल्या तापट थोरल्या माणसाबद्दल बोलावं तशी : त्याचा राग कधी चढतो, कशाने उतरतो, त्याच्या वाटेत काय ठेवायचं नाही. त्याच्या सवयी त्यांना माहीत असतात. प्रयोगात त्या सवयी आणा. ओढ्याचं दुःख नटवू नका.

सवयी कळायच्या तर प्रश्न नेमका विचारावा लागतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री, तो बुधवार होता आणि पितृपंधरवडा चालू होता, कात्रजच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि आंबील ओढ्याला अचानक पूर आला. सीमाभिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या रात्री पुणे शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं दगावली. त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही काठाकाठाने फिरलो. पहिल्या आठवड्यात आम्ही विचारत होतो, ‘तेव्हा काय वाटलं?’ उत्तर सगळीकडे एकच : ‘काय वाटणार, भीती वाटली.’ बातमीवाल्यांनीही तेच विचारलेलं होतं, म्हणून उत्तरही तयार होतं. लोक कंटाळलेले होते.

मग आमच्यातल्या एका मुलीने एका काकूंना सहज विचारलं, ‘काकू, घरात आधी काय तरंगलं?’

काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्या थांबल्या. ‘शिलिंडर,’ म्हणाल्या. ‘आडवा झाला आन् दाराकडं निघाला. मी त्याला धरायला गेले. मग पिठाचा डबा. मग पोराचं दप्तर. दप्तर आधी बुडालं, मग वर आलं.’ हे सांगता सांगता त्यांनी भिंतीवर हात टेकवला, देवाच्या फळीच्या वीतभर खाली. ‘इथवर आलतं.’ तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. बाहेर कोणीतरी नळाला हंडा लावला होता, त्याचा आवाज येत होता. सिलिंडर तरंगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून आमचा प्रश्न ठरला : आधी काय तरंगलं, आणि पाणी कुठवर आलं. या दोन प्रश्नांना प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळतं, कोणीही पाठ केलेलं नसतं, आणि सांगताना माणूस त्या जागी पुन्हा उभा राहतो.

यावरूनच प्रयोग बांधला गेला. एका गल्लीतली 19 घरं. प्रत्येक दाराशी घरातलं एक माणूस, हातात पाण्यात भिजवलेला गेरू. प्रेक्षक संध्याकाळी दिवेलागणीला वरच्या टोकाने आत येणार आणि पाण्याच्या वाटेने खाली चालणार. दाराशी पोचलं की त्या माणसाने भिंतीवर पाण्याची उंची आखायची आणि दोनच वाक्यं बोलायची : आधी काय तरंगलं, नंतर काय सापडलं. तिसरं वाक्य नाही. दोन घरांच्या मधे हलगी, तीही विलंबित. हे दोन वाक्यांचं बंधन मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याने बोलणाऱ्याला धीर येतो, कारण पाठांतर नाही. ऐकणाऱ्यालाही 19 घरं झेपतात. आणि कोणी रडायला लागलं तर पुढच्या घराकडे जायची वाट आधीच आखलेली असते, त्या माणसाला सगळ्यांसमोर सावरत बसावं लागत नाही.

पण इथेच एक फार नाजूक गोष्ट आहे. जलसंपदा खात्याच्या हिशेबात निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल पूररेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. या रेषांवर बांधकामाच्या परवानग्या ठरतात, आणि वस्तीतल्या माणसासाठी भिंतीवरची कोणतीही रेघ म्हणजे घर जाण्याची खूण असू शकते. दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीत 24 जून 2021 ला सकाळी पोलीस बंदोबस्तात घरं पाडायला सुरुवात झाली होती, आणि त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. त्यानंतर आम्ही दुसऱ्या एका वस्तीत गेरू घेऊन गेलो तेव्हा पहिल्याच घरातल्या ताई म्हणाल्या, ‘दादा, रेघ नको. उद्या कोन येऊन म्हनंल, बघा, हेच सांगत्यात की इथं पानी येतं, मग काढा ह्यांना.’ त्या बरोबर बोलत होत्या. त्यांची आठवण त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग उंची भिंतीवरून अंगावर आली. जुन्या साड्यांच्या लाल पट्ट्या फाडल्या आणि ज्याने त्याने पाणी जिथवर आलं तिथे स्वतःच्या अंगाला बांधल्या. कोणाच्या गुडघ्याला, कोणाच्या कमरेला, छातीला. शाळकरी मुलांपैकी काहींच्या डोक्याच्या वर पाणी गेलं होतं. त्यांनी पट्टी काठीला बांधून डोक्यावर उंच धरली. एक पाच वर्षांची मुलगी आईच्या कडेवर बसून ती काठी धरून होती. त्या संध्याकाळी जे बघायला आले त्यांना पूर किती होता हे वेगळं सांगावं लागलं नाही. प्रयोग संपला की पट्ट्या सोडल्या, कुठेही खूण उरली नाही. तुम्ही भिंत वापरणार की अंग, हे तुम्ही ठरवू नका. ज्यांची भिंत आहे त्यांनी ठरवायचं. आणि फोटो-व्हिडिओ कुठे जाणार, हे प्रत्येक घराला आधी सांगून विचारा. नाही म्हणाले तर फोटो नाही.

तुमच्या प्रश्नात सोसायटी आणि वस्ती दोन्ही आहेत, आणि मधे भिंत. त्याबद्दल सांगतो. बहुतेक ठिकाणी सोसायटीचे लोक आयोजक होतात, वस्तीची मुलं नाचतात आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं वाटतात. असं करू नका. पाणी दोन्हीकडे आलेलं असतं, फक्त तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आलं तर त्याला नुकसान म्हणतात आणि वस्तीत आलं तर अतिक्रमणाचा परिणाम. 19 घरांच्या त्या प्रयोगात गल्लीच्या टोकाला एका सोसायटीचं वाहनतळ होतं. तिथले एक निवृत्त गृहस्थ तयार झाले, दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘आधी माझ्या बायकोची स्कूटी तरंगली. नंतर ती सापडली नाही.’ दोनच वाक्यं, सगळ्यांसारखी. एक गोष्ट आणखी ध्यानात घ्या. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटल्यावर सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. म्हणजे आज ओढ्याच्या आसपास पक्क्या घरात राहणाऱ्या काही कुटुंबांचे आजी-आजोबा स्वतः पूरग्रस्त म्हणून तिथे आले होते. तुमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना विचारा, ते इथे यायच्या आधी कुठे राहत होते. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जोडणारा धागा बऱ्याचदा तिथे सापडतो.

दोन्ही बाजूंच्या बायकांना एकत्र आणायला मला भोंडल्याइतकं चांगलं दुसरं काही सापडलेलं नाही. भोंडला हस्त नक्षत्राचा, म्हणजे परतीच्या पावसाचा. पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा, ही रीत पावसाशीच बांधलेली आहे, आपण ती सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये नेऊन कोरडी केली. 2019 चा पूर आला 25 सप्टेंबरला आणि घटस्थापना होती 29 ला. त्या वर्षी काठावरच्या घरांत घट बसायच्या आधी चिखल उपसायचं काम होतं. पुढे आम्ही भोंडला घेतला तो काठावरच, पण पाण्यापासून लांब, पक्क्या जागेवर. हत्तीच्या जागी पाटावर मुलांनी ओढा काढला, सगळ्या वळणांसकट. नेहमीची गाणी म्हटली, नवी रचली नाहीत. फेराच्या मधे थांबून एकेक बाई पुढे येऊन आपल्या घराची जागा पाटावर बोटाने दाखवायची आणि परत फेरात यायची. बस, एवढंच.

आणि खिरापत! ती ओळखायची असते हे सगळ्यांना माहीत. मुलांनी शेव, चिवडा, लाडू, करंजी सगळं सांगून बघितलं. डबा हातात धरलेल्या आजी म्हणाल्या, ‘नाव तर रोज घेता की.’ तरी कोणाला येईना. मग त्यांनीच झाकण काढलं : नाचणीची आंबील, ताक घातलेली, वर जिऱ्याची पूड. आंबील ओढ्याच्या काठी वाढलेल्या निम्म्या पोरांनी आंबील पहिल्यांदा प्यायली ती त्या दिवशी. ओढ्याला हे नाव का पडलं याच्या गोष्टी प्रत्येक आळीत वेगळ्या, त्या त्या संध्याकाळी पेल्याबरोबर फिरल्या. तुमच्या ओढ्याच्या नावात, त्याच्या काठच्या देवळात किंवा जुन्या मळ्यात असंच काहीतरी असणार. शोधा, आणि ते खायला-प्यायला द्या.

गल्लीतला प्रयोग आणि भोंडला यांच्यानंतरचा तिसरा भाग हाळीचा, म्हणजे लांबून मोठ्याने दिलेल्या हाकेचा. हा मला सगळ्यात जवळचा, कारण तो प्रयोगाबाहेरही उपयोगी पडतो. ओढ्याचा पूर आणि नदीचा पूर यात फरक असतो. नदीला धरण असतं, विसर्ग सोडण्याआधी इशारा मिळतो. ओढ्याला तसं काही नसतं. वरच्या तलावाचा सांडवा वाहायला लागला की खालच्या वस्तीच्या हातात फार थोडा वेळ असतो. नागपुरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेही असंच, लोक झोपेत असताना. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि रोज जिला नाला म्हणत होते ती मिठी नदी आहे हे कित्येकांना तेव्हा कळलं.

म्हणून आम्ही हाळी बसवली. पूर्वी शेतावरून शेतावर हाळी द्यायचे तशी. वरच्या पुलावर एक मुलगा उभा राहतो आणि ठरलेल्या शब्दांत हाळी देतो. ऐकू येईल इतक्या अंतरावर दुसरा, तो पुढे देतो, मग तिसरी. सिमेंटच्या भिंतींमुळे ओढ्याच्या पात्रात आवाज चांगला घुमतो, पण रहदारीच्या पुलाजवळ तो मरतो. तिथे हलगी ठेवावी लागते. सराव करताना कळतं की कोणत्या वळणावर माणूस हवा, कोणत्या गल्लीत आवाज पोचतच नाही. ज्या घरात एकट्या राहणाऱ्या, ऐकू कमी येणाऱ्या आजी आहेत तिथे शेजारच्या मुलीने जाऊन हाताला धरून सांगायचं, हेही प्रयोगातच बसवलं. प्रेक्षकांना त्यात नाट्य दिसतं, आणि आहेच. पण त्या साखळीतल्या प्रत्येकाकडे आता वरच्याचा आणि खालच्याचा फोन नंबर आहे. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ते फोन वरून खाली फिरले. पाणी घरात आलं नाही, पण ओटे रिकामे झाले होते आणि आजी माळ्यावर होत्या.

आता धोके. ओढ्याच्या पाण्यात कोणालाही उतरवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो आणि पायाला साधी चीर असली तरी पुरते. कडेने चालतानाही गमबूट, आणि कोणी चुकून पडलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने गोळ्या नकोत. स्लॅबखालच्या बंद भागात कॅमेरा घेऊनही शिरू नका. तिथे हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो, माणूस दोन श्वासांत कोसळतो. एका तरुण कलावंताने मला सांगितलं होतं की तो गटाराच्या झाकणातून बाहेर येत प्रयोगाची सुरुवात करणार. मी त्याला थांबवलं. हाताने मैला साफ करायला लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं त्या झाकणाखाली मरतात, आणि ती कोणत्या जातींची असतात हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्या मरणाची जागा कोणाच्याही प्रवेशासाठी नाही. तुमच्या काठावर सफाई कामगारांची घरं असतील तर त्यांच्याकडे आधी जा. ओढ्यात वर्षभरात काय काय येतं याची माहिती त्यांच्याइतकी कोणाकडेच नसते.

परवानग्यांचं थोडक्यात : स्थानिक पोलीस ठाण्याला अर्ज, ध्वनिक्षेपक असेल तर त्याचा वेगळा, जागा महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयाचं पत्र. लिखित संहितेचा जाहीर प्रयोग असेल तर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं काय लागतं ते आधी विचारून घ्या. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, पण मी तर म्हणेन ध्वनिक्षेपक लावूच नका. माइक हातात आला की माणूस भाषण करतो. हलगी, संबळ, डिमडी आणि माणसाचा आवाज पुरतो. हलगीवाल्यांना ठरलेली बिदागी प्रयोगाआधी द्या आणि हलगी तापवायला सुरक्षित जागा द्या. पैसा लागतो तो मुख्यतः याला आणि चहा-नाश्त्याला. सरावाला येणाऱ्या बायका काम सोडून येतात, त्यांचा खाडा भरून द्या. फलक, टी-शर्ट, मंडप यांवर खर्च करू नका. प्रायोजक आला तर त्याचा फलक कुठे लागणार हे वस्तीला विचारून ठरवा.

काळ म्हणाल तर पहिला प्रयोग दिवाळी ते होळीच्या मधे. पाणी कमी असतं, कडा कोरड्या असतात, संध्याकाळ लवकर होते. भोंडला मात्र त्याच्या वेळेलाच, पावसाचा अंदाज बघून. सरावाला किमान दोन महिने धरा आणि त्यातला पहिला महिना नुसतं ऐकण्याचा.

चित्रांचं विचारलंत. सीमाभिंतीवर मासे आणि कमळं काढायचा मोह होईल. माझं मत विचाराल तर नको. ज्या पाण्यात मासा नाही त्याच्या भिंतीवर मासा रंगवला की बघणाऱ्याचं समाधान होतं आणि पाण्याचं काहीच होत नाही. त्याऐवजी मुलांकडून भिंतीवर ओढ्याची वळणं आणि प्रत्येक वळणाचं काठच्या लोकांच्या तोंडी असलेलं नाव लिहून घ्या : धोबीघाट, वडाचा कोपरा, म्हसोबाचं वळण, जे असेल ते. नकाशात ही नावं नसतात.

पहिल्या फेरीला चार-पाच जणांपेक्षा जास्त जाऊ नका, आणि त्यातला निदान एक पलीकडच्या वस्तीतला असू द्या. रविवार नको, कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास जा, तेव्हा पाणी भरणारी, दात घासणारी, पोरांना शाळेत धाडणारी माणसं दाराशी असतात. वही, पेन, आणि खिशात गेरूचा एक खडा. शाळेतला खडू ओलसर भिंतीवर उठत नाही. गेरू उठतो आणि नको असेल तर ओल्या फडक्याने पुसताही येतो. भिंतीला लावायच्या आधी मात्र विचारा.